चक्की ठेवायची, पीठ वाटायचं: मोहल्ल्यातला वक्फ गरिबांच्या कामाला कसा लावायचा

औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की बघायला सगळेच जातात, शाळेची सहल तर हमखास जाते, हौदातले मासे बघायचे, वरून पडणारं पाणी बघायचं, फोटो काढायचे आणि बीबी का मकबऱ्याकडे निघायचं. पण ती चक्की होती कशाला हे फार कमी लोक विचारतात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं ते आवार, लांबून नहरीचं पाणी आणलेलं, त्या पाण्यावर दगड फिरायचा आणि दर्ग्याच्या आसऱ्याला असलेल्या फकीर-मुसाफिरांचं दळण त्यावर व्हायचं. म्हणजे चक्की कोणी विकली नाही, कोणाला वाटूनही दिली नाही, वाटलं ते पीठ. वक्फ म्हणजे एवढंच. आणि गंमत बघा, महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्य ऑफिस पण त्याच पाणचक्कीच्या आवारात आहे, तिथे फाईल घेऊन बसलो की मला दर वेळी वाटतं की आपल्याकडे चक्क्या लई आहेत, फक्त फिरत नाहीत.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात मशिदीच्या कमिटीवर आहे, सहा-सात वर्षं झाली. वकील नाही, मौलाना नाही, दुकानदार माणूस. पण या काळात आमच्या मशिदीच्या गाळ्यांचं भाडं, एक इनामी शेत आणि मोहल्ल्यातली गरीब घरं या तिन्हीची गाठ घालायचा जो खटाटोप केला त्यातून जे कळलं ते लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर झाला.

आधी डोक्यातला गोंधळ काढा

बऱ्याच लोकांना जकात, सदका (म्हणजे आपल्या मर्जीने दिलेलं दान), वक्फ सगळं एकच वाटतं, द्यायचं आणि मोकळं व्हायचं. तसं नाही. जकात म्हणजे निसाबाच्या (ठरलेल्या किमान मर्यादेच्या) वर असलेल्या मालावर वर्षाला अडीच टक्के, ती कोणाला द्यायची ते आठ प्रकार कुरआनात ठरलेले, आणि ती खर्च होऊन जाते, हक्कदाराच्या हातात पडली की संपली. वक्फमधे मूळ चीज थांबवून ठेवायची (वक्फ शब्दाचा अर्थच थांबवणं, रोखणं) आणि तिचं उत्पन्न वाटायचं. हजरत उमर यांना खैबरमधे चांगली जमीन मिळाली, त्यांनी पैगंबरांना विचारलं काय करू, तर सल्ला मिळाला की मूळ जमीन राखून ठेव आणि उत्पन्न दान कर. मग ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसात वाटायची नाही असं ठरलं, उत्पन्न गरिबांना, नातेवाइकांना, गुलाम सोडवायला, वाटसरूंना, पाहुण्यांना, आणि जो सांभाळेल त्याने रीतीप्रमाणे त्यातून खायला हरकत नाही. सांभाळणाऱ्याचाही विचार तेव्हाच केलेला आहे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. दुसरं उदाहरण हजरत उस्मान यांचं, मदिन्यात रूमा नावाची विहीर होती, तिचं पाणी विकत घ्यावं लागायचं, त्यांनी ती विकत घेतली आणि सगळ्यांना खुली केली. ज्या माणसाला रोज पाण्याला पैसे मोजावे लागत होते त्याच्या घरातला तो रोजचा खर्चच बंद झाला, आणि गरिबाला दोन रुपये देण्यापेक्षा त्याचा रोजचा दोन रुपयांचा खर्च थांबवणं कधीकधी जास्त कामाचं असतं.

यातून कामाची गोष्ट एकच, जकातीचा पैसा आणि वक्फचा पैसा एका गल्ल्यात टाकू नका. हनफी (सुन्नींमधली एक धर्मशास्त्र-शाखा) मसल्यात जकात हक्कदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, म्हणून जकातीच्या पैशातून मशिदीचा गाळा बांधला असं चालत नाही, आणि वक्फच्या भाड्याला जकातीचे आठ प्रकार लागत नाहीत, तिथे वाकिफने म्हणजे वक्फ करणाऱ्याने काय लिहिलं ते चालतं. बँकेत दोन खाती, दोन वह्या. आमच्याकडे आधी एकच वही होती आणि रमजाननंतर कुठले पैसे कुठले हे हाफिजसाबनासुद्धा सांगता यायचं नाही.

कागद शोधा, मग बाकीचं

पहिले सहा महिने फक्त कागदात जातील, मन तयार ठेवा. तुमची मशीद, दर्गा, कब्रस्तान, आशूरखाना (मोहरमचे अलम ठेवायची जागा) जे काय असेल त्याच्या नावावर नक्की काय काय आहे हे कमिटीतल्या अर्ध्या लोकांना माहीत नसतं, जुन्या चाचा लोकांना तोंडी माहीत असतं की "वो नाले के पार की जमीन अपनीच है" पण कागद नाही. तर सुरुवात अशी करा की शेतजमिनीचा सात-बारा आणि जुने फेरफार काढा, गावठाणातल्या किंवा शहरातल्या जागेचं पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक) काढा, नगरपालिकेत घरपट्टी कोणाच्या नावावर आहे बघा, आणि वक्फ मालमत्तांची सरकारी गॅझेटमधली यादी असते त्यात आपलं नाव, गट नंबर, क्षेत्र शोधा. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी आहेत, खिदमतमाश म्हणतात, म्हणजे मशिदीची खिदमत करायची म्हणून दिलेली जमीन, त्यांचा मुंतखब म्हणजे इनामाचा सरकारी कागद असतो, उर्दूत किंवा फारसीत, तो सापडला तर लॅमिनेट करू नका (आमच्या एका सदस्याने केला आणि मागची बाजू गेली), स्कॅन करा आणि जाणकाराकडून भाषांतर करून घ्या.

खिदमतमाशचं एक नाजूक दुखणं आहे. खिदमत करणाऱ्या घराण्याला ती जमीन पिढ्यानपिढ्या आपली वाटायला लागते, सात-बाऱ्यावर त्यांचीच नावं चढलेली असतात आणि कधीतरी कोणी विकूनही टाकलेली असते. भांडायला जाण्याआधी कागद पूर्ण करा, आणि ते घराणं खरंच मशिदीत झाडू मारत असेल, अजान देत असेल तर त्यांच्या पोटाचा विचार सोडून काही करू नका, तेच गावातलं सगळ्यात गरीब घर असू शकतं.

दुसरं बघायचं ते आपली संस्था नक्की कुठे नोंदलेली आहे. महाराष्ट्रात बऱ्याच जुन्या मुस्लिम संस्था धर्मादाय आयुक्ताकडे १९५० च्या पब्लिक ट्रस्ट कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, नोंदणी नंबरात 'बी' असतो, आणि मग १९९५ चा वक्फ कायदा आला तेव्हा या वक्फ बोर्डाच्या की धर्मादायच्या असा घोळ झाला. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मधे सांगितलं की मुसलमानाने केलेला प्रत्येक ट्रस्ट वक्फच असतो असं नाही. त्यामुळे मूळ डीड (वक्फ किंवा ट्रस्ट केल्याचा दस्त) वाचा, त्यात मालमत्ता कायमची अर्पण केली आहे का आणि कशासाठी ते बघा. नाहीतर तुम्ही वर्षभर हिशोब एका ऑफिसला द्याल आणि नोटीस दुसऱ्याकडून येईल.

आणि २०२५ चा दुरुस्ती कायदा आल्यापासून उम्मीद नावाच्या पोर्टलवर सगळ्या नोंदलेल्या वक्फची माहिती भरायची आहे, ते पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं, सहा महिन्यांची मुदत डिसेंबरमधे संपली, ज्यांचं राहिलं त्यांच्यासाठी वक्फ ट्रिब्युनलकडे मुदत मागायची सोय कायद्यात आहे. त्या कायद्याबद्दल माझी मतं आहेत, कडक आहेत, पण ती चहाच्या टपरीवर. इथे एवढंच सांगतो की ज्या कमिट्यांकडे कागद तयार होते त्यांचं काम झालं आणि ज्यांच्याकडे नव्हते ते सायबर कॅफेत रात्रभर बसले.

खरी गरिबी भाड्यात आहे

आता मुद्द्याची गोष्ट. मुसलमानांच्या परिस्थितीवरचा २००६ चा सच्चर समितीचा रिपोर्ट सांगतो की देशात नोंदलेल्या वक्फ मालमत्ता ४.९ लाख, जमीन साधारण ६ लाख एकर, बाजारभावाने किंमत १.२ लाख कोटी रुपये, आणि या सगळ्यावर वर्षाचं उत्पन्न किती, तर १६३ कोटी. हिशोब करा, शंभर रुपयांच्या मालावर वर्षाला चौदा पैसे पण नाहीत धड. समितीनेच म्हटलं होतं की दहा टक्के जरी सुटले तरी वर्षाला १२ हजार कोटी होतील. आता दहा टक्के जरा जास्तच धरले होते असं मला दुकानदार म्हणून वाटतं, तालुक्याच्या ठिकाणी गाळ्यावर पाच-सहा टक्के सुटले तरी माणूस खूश असतो, पण पाच टक्के धरा की, तरी सहा हजार कोटी. आपण जमीन कुठे गेली यावर भांडतो, जी आहे तिचं भाडं कोण खातंय यावर बोलत नाही.

आमचंच सांगतो. मशिदीचे अकरा गाळे, मेन रोडला लागून, भाडं कुणाचं १५० कुणाचं ३००, सगळे मिळून महिन्याला २४०० रुपये. वर्षाचे २८,८०० म्हणजे लाईट बिल आणि मोटार रिपेअरमधेच संपले. आणि त्यातले चार गाळे मूळ भाडेकरूने पोटभाड्याने दिलेले, पोटभाडेकरू महिन्याला साडेपाच हजार देतोय, मशिदीला १५० येतायत, मधले ५,३५० कुठे गेले तर पहिल्या सफमधे (रांगेत) नमाजला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या खिशात. हे बोललं की राग येतो लोकांना. यावा.

भाडं कसं वाढवायचं तर आधी बाजारभाव लिहून काढा, शेजारच्या खासगी गाळ्यांचं भाडं काय, नगरपालिकेच्या गाळ्यांचा लिलाव कितीला गेला, दोन-तीन दलालांना विचारा. मग प्रत्येक भाडेकरूशी एकेकटं बोला, जुम्म्याला माईकवरून नाही. माईकवरून बोललात की इज्जतीचा प्रश्न होतो आणि माणूस थेट वकिलाकडे जातो. आम्ही दोघं दोघं जण जायचो, चहा घ्यायचो, हातात मोहल्ल्यातल्या घरांची यादी न्यायचो (नावं न दाखवता, फक्त किती विधवा, किती पोरं शाळा सोडलेली) आणि म्हणायचो चाचा, तुम्ही सांगा किती द्यायचे. खरं सांगतो, निम्मे लोक तिथेच १५०० ला तयार झाले. जे भाडेकरू स्वतःच टेकीला आलेले, उदाहरणार्थ पंक्चर काढणारा, त्यांना टप्प्याटप्प्याने वाढवा, गरिबासाठी म्हणून एका गरिबाला रस्त्यावर आणलंत तर काय कमावलं. पोटभाडेकरू असेल तिथे मात्र सरळ पोटभाडेकरूशी करार करायचा प्रयत्न करा, त्याला तसंही मधल्या माणसाचा कंटाळा आलेला असतो.

कायद्याच्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. वक्फ मालमत्ता विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, बक्षीस देता येत नाही. भाडेपट्टा एक वर्षापेक्षा जास्त असेल तर बोर्डाची मंजुरी लागते, शेतजमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने देता येत नाही, आणि तीस वर्षांच्या वर कुठलाच पट्टा चालत नाही. पगडी घेऊन पावती न देणं, हे जे सगळीकडे चालतं, ते करूच नका, आज पगडीचे दोन लाख मिळाले की उद्या त्या माणसाला हात लावता येत नाही. भाडं रोख घेऊ नका, खात्यावर घ्या.

दोन वर्षं लागली आम्हाला. अकरातले दोन गाळे कोर्टात आहेत, ते किती वर्षं राहतील अल्लाह जाणे. बाकी नऊ गाळ्यांचं सरासरी २,५०० येतं, म्हणजे महिन्याला २२,५००, वर्षाला २ लाख ७० हजार. दगड तोच, पाणी सोडलं फक्त.

शेताचं पण असंच. आमचं सहा एकर कोरडवाहू होतं, एकाच घरात वीस वर्षं मक्त्याने, वर्षाला तीन हजार. आम्ही गावात दवंडीसारखं सांगून, नोटीस लावून, सगळ्यांसमोर हर्रास केला. शेतमालक ही मशीद आणि बोली लावणाऱ्यात मराठा, धनगर, मुसलमान सगळे, एका मराठा शेतकऱ्याने सगळ्यात जास्त बोलीत घेतलं आणि आता तो मक्त्याचे पैसे पाडव्याच्या आधी स्वतः आणून देतो. कोण कसतंय याला धर्म लावू नका, पैसे कुठे जातात त्याला लावा.

आलेल्या पैशाचं काय

इथे लोक घाई करतात. पैसे आले की लगेच वाटप, स्टेज, हार, किराणा किट, फोटो. थांबा. फिकहमधे (इस्लामी धर्मशास्त्रात) पहिला खर्च मालमत्तेच्या देखभालीचा असतो, कारण चक्की तुटली तर पीठ कुठून. आमचा साधारण हिशोब असा की २ लाख ७० हजारातून घरपट्टी, लाईट, दुरुस्ती ७० हजार, बोर्डाची वार्षिक वर्गणी (कायद्याने आधी निव्वळ उत्पन्नाच्या सात टक्के होती, २०२५ पासून जास्तीत जास्त पाच) ती १३ हजारांच्या आत, इमाम आणि मुअज्जिनच्या (अजान देणाऱ्याच्या) पगारात ६० हजार, राखीव २७ हजार, आणि राहिले एक लाख ते गरिबांसाठी. इमामाचा पगार आधी लोकांच्या वर्गणीवर, म्हणजे जुम्म्याला रुमाल फिरवून चालायचा, तोही माणूस गरीबच की, त्याच्यापासून सुरुवात केली यात मला काही चूक वाटत नाही.

पण गरिबांवर खर्च करण्याआधी वाकिफची शर्त बघा. उलेमा म्हणतात वाकिफची शर्त ही शरीयतच्या हुकमासारखी पाळायची. डीडमधे "मशीद व फुकरा" (फुकरा म्हणजे गरीब) असं लिहिलं असेल तर रस्ता मोकळा, फक्त "मशिदीच्या दिव्याबत्तीसाठी" लिहिलं असेल तर आधी मुफ्तींना विचारा आणि बोर्डाकडून लेखी घ्या, मगच दुसरीकडे वळवा.

आता एक लाख रुपये. मोहल्ल्यात गरीब घरं शंभर असतील तर प्रत्येकी हजार, ईदचे कपडे झाले, संपलं, पुढच्या वर्षी तीच शंभर घरं. हे जकात आणि फित्र्यातून (रमजान ईदच्या दानातून) होतंच आहे, वक्फने वेगळं काहीतरी करावं. आम्ही काय केलं तर घरोघर फिरून एक साधी वही भरली, घरात कमावणारे किती, कर्ज कोणाचं किती, पोरगं शाळेत आहे का, आजारी कोण. फिरायला दोन बायका पण होत्या, कमिटीतल्यांच्या घरच्या, कारण विधवा बाई मशिदीच्या ऑफिसात येऊन दहा दाढीवाल्यांसमोर घरचं दुःख सांगणार नाही हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. वही भरल्यावर दिसलं की गरिबीची कारणं तीन-चारच आहेत पुन्हापुन्हा: सावकाराचं व्याज, दवाखाना, शाळा सुटलेला पोरगा, आणि हातातलं साधन मोडलेलं.

एक खाला आहेत, हॉटेलला रोट्या लाटून देतात. नवऱ्याच्या दवाखान्यासाठी दहा हजार काढलेले, महिन्याला शेकडा दहा, म्हणजे दर महिन्याला हजार रुपये फक्त व्याज, आणि मुद्दल तसंच. नवरा गेला, व्याज चालू. तीन वर्षांत तिने छत्तीस हजार भरले होते आणि दहा हजार बाकी होतेच. आम्ही त्या सावकाराला एकरकमी देऊन चिठ्ठी फाडून घेतली आणि ते पैसे तिच्यावर कर्ज-ए-हसना म्हणून ठेवले, आठवड्याला पाचशे, बिनव्याजी. वीस आठवड्यात फिटले. आता ते दहा हजार पुढच्या घरात फिरतायत. याच्या जागी आम्ही तिला महिन्याला हजार रुपये "मदत" दिली असती तर ती सगळी सावकाराच्या घरी गेली असती, आणि आमच्या अहवालात एक विधवा लाभार्थी म्हणून छापून आली असती.

तर एक लाखातून निम्मे अशा फिरत्या बिनव्याजी कर्जाला ठेवा, पंचवीस हजार साधनाला (शिलाई मशीन, हातगाडा, गवंड्याची हत्यारं, पण पैसे हातात न देता वस्तू घेऊन द्या आणि दुकानाचं बिल ठेवा), राहिलेले दहावी-बारावीची फी आणि दवाखान्याचं डिपॉझिट. कर्ज बुडतं का, बुडतं, आमचे दोन बुडाले. त्यासाठी जामीन घ्या, शेजारी किंवा भाऊ, आणि पहिलं कर्ज छोटंच द्या. मोठ्या रोगाच्या मागे एवढ्या पैशात लागू नका, तिथे सरकारी योजनेचा फॉर्म भरून देणारा एक पोरगा बसवा, त्याचा फायदा जास्त आहे. आणि हो, फक्त मुसलमानांनाच द्यायचं का असं विचारतात, तर डीडमधे नुसतं "गरीब" लिहिलं असेल तर आमच्या मुफ्तीसाबनी सांगितलं शेजारचा गरीब पण गरीबच. आमच्या वहीत तीन घरं मातंग वस्तीतली आहेत.

नवीन वक्फ करायचा असेल तर

जुन्यावर किती दिवस बसणार. कोणाकडे गाळा आहे, पोरं बाहेर सेटल झाली, त्याला वाटतं मागे काहीतरी राहावं. सदका-ए-जारिया, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारं दान, म्हणतात ते हेच. पण भावनेच्या भरात तोंडी बोलून टाकू नका, २०२५ पासून लेखी वक्फ डीड केल्याशिवाय नवा वक्फ होतच नाही. जागा स्वतःच्या मालकीची, बोजा नसलेली पाहिजे. माणूस किमान पाच वर्षं इस्लाम पाळतोय हे दाखवायची अटही कायद्यात आली होती, ती सुप्रीम कोर्टाने १५ सप्टेंबर २०२५ ला तूर्त थांबवली आहे. हयातीत, तब्येत चांगली असताना करा, मृत्युपत्राने करायचा असेल तर वारसांची संमती नसताना एक तृतीयांशापर्यंतच चालतो. बायको-पोरींचा हिस्सा चुकवायला वक्फ करणारे पण मी पाहिले आहेत, तो वक्फ नाही, ती चलाखी आहे, आणि आता कायद्यातही कुटुंबासाठीच्या वक्फने बायकांचा वारसाहक्क मारता येत नाही असं स्पष्ट आलंय.

डीडमधे काय लिहायचं ते नीट विचार करून लिहा कारण तुमच्यानंतर शंभर वर्षं लोक तेच वाचणार. उत्पन्न कोणासाठी ते मोघम न लिहिता लिहा, "मोहल्ल्यातील व गावातील गरीब, विधवा, अनाथ, त्यांचं शिक्षण, उपचार व बिनव्याजी कर्ज" असं. दुरुस्ती आधी, राखीव किती, मुतवल्ली (वक्फ सांभाळणारा) कोण आणि त्याच्यानंतर कोण, त्याला मोबदला किती (हजरत उमर यांच्या डीडमधे सांभाळणाऱ्याचं पोट धरलेलं होतं, तुम्ही पण धरा, फुकटात कोणी तीस वर्षं काम करत नाही, मग तो दुसऱ्या वाटेने घेतो), आणि दरवर्षी हिशोब जाहीर लावायचा ही अट.

मोठं करायची हिंमत असेल तर हमदर्दकडे बघा. रूह अफजा सगळ्यांनी प्यायलंय, पण ती कंपनी हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ साली वक्फ करून टाकली हे किती जणांना माहीत आहे. नफा शिक्षणाला, दवाखान्याला, दिल्लीचं जामिया हमदर्द त्याच झाडाला लागलेलं फळ. म्हणजे वक्फ फक्त कब्रस्तान आणि मशिदीचाच असतो असं नाही, चालता धंदा पण वक्फ होतो.

ज्याच्याकडे गाळा नाही त्याचं काय? तुर्कस्तानच्या उस्मानी (ऑटोमन) राज्यात पंधराव्या शतकात रोख पैशाचा वक्फ सुरू झाला, सोळाव्या शतकात त्यावर उलेमांमधे जोरात वाद झाला, शेखुल इस्लाम (राज्याचे मुख्य मुफ्ती) अबुस्सऊद यांनी तो जायज ठरवला, बिर्गिवी नावाचे आलिम विरोधात होते. आज बांगलादेश, इंडोनेशिया, मलेशियात लोक छोट्या रकमा देतात, रक्कम गुंतवतात, नफा वाटतात. इंडोनेशियाने तर २००४ च्या वक्फ कायद्यात रोख वक्फ घातला आणि पुढे सरकारी सुकूकशी (शरीयतप्रमाणे काढलेल्या बिनव्याजी रोख्यांशी) जोडला. आपल्याकडे एफडीचं व्याज चालणार नाही म्हणून मी सांगेन की रोकड गोळा करून गाळाच घ्या. साठ माणसं प्रत्येकी २५ हजार, हप्त्याहप्त्याने दोन वर्षांत, झाले १५ लाख, तालुक्याला एक बरा गाळा येतो, सात हजार भाडं धरा, वर्षाला ८४ हजार, कायमचे. एका लग्नाच्या मंडपात आपण किती उडवतो ते मी बोलत नाही.

जागा चांगली पण बांधायला पैसा नाही, ही तिसरी तऱ्हा. सिंगापूरमधे बेंकूलन स्ट्रीटवर जुनी वक्फची मशीद होती, त्यांनी साडेतीन कोटी सिंगापूर डॉलरचा मुशारका सुकूक काढून, म्हणजे भागीदारीच्या रोख्यातून, नवी मशीद, व्यापारी जागा आणि भाड्याने द्यायचे सर्व्हिस अपार्टमेंट एकत्र बांधले. आपल्याकडे सेंट्रल वक्फ कौन्सिल १९७४-७५ पासून शहरी वक्फच्या जागेवर दुकानं, शादीखाना वगैरे बांधायला बिनव्याजी कर्ज देत आली आहे, सध्या काय चालू आहे ते बोर्डात जाऊन विचारा, आणि बिल्डरला पन्नास टक्के देऊन टाकायच्या आधी विचारा.

हिशोब भिंतीवर

शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. वर्षाचं बजेट आणि हिशोब बोर्डाला द्यावे लागतात, उत्पन्न लाखाच्या वर गेलं की ऑडिट आहे, ते सगळं करायचंच. पण त्याने मोहल्ल्याचा विश्वास बसत नाही, कारण बोर्डाच्या फाईली मोहल्ला वाचत नाही. वजूखान्याच्या (नमाजाआधी हातपाय धुवायच्या जागेच्या) भिंतीवर मोठ्या अक्षरात मराठी आणि उर्दू दोन्हीत लावा, कोणत्या गाळ्याचं किती आलं, कुठे गेलं, कर्ज किती दिलं किती फिरून आलं (कर्जदारांची नावं नकोत, गाळेवाल्यांची हवीत, थकबाकी सकट).

आम्ही पहिल्या वर्षी लावला आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी पेनाने खाली लिहून गेलं, "चटईचे ४२०० कशाचे? तिथेच ३१०० ला मिळते." आमचे सेक्रेटरी लालेलाल झाले, कागद फाडायला निघाले. आम्ही नको म्हणालो. बिल शोधलं, लिहिणारा बरोबर होता, दुकानदाराने जास्त लावलं होतं, अकराशे रुपये परत आणले आणि त्याच कागदावर त्याच्याखाली लिहिलं, "११०० परत जमा, तारीख अमुक." तो कागद अजून तिथेच आहे, पाणी उडून उडून जरा पुसट झालाय.